झोंबणारी चित्रं घरच्या बैठकीत दाखवायची तर: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

नागपुरात आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी चित्रं बघायची बैठक बसते. बारा-चौदा माणसं, एक प्रोजेक्टर, पाच कलाकृती, दीड तास. बहुतेक चित्रं झोंबणारीच असतात. कुणी त्यांच्यावरून कोर्टात गेलेलं असतं, कुणी नुसतं नाक मुरडलेलं असतं. हे पाहून ओळखीतल्या चार-पाच जणांनी प्रतापनगर, मानेवाडा, जरीपटका अशा ठिकाणी आपापल्या बैठकी सुरू केल्या. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, "भाऊ, काल काही जमलं नाही."

खोदून विचारलं की चूक तीच निघते. चित्र लावायच्या आधी त्याचा तमाशा सांगून टाकलेला असतो. "आता असं काही दाखवतो की ज्याच्यावरून दंगा झाला होता," एवढं एक वाक्य बोललं की खोलीतला प्रत्येक जण दंगा शोधायला बसतो. चित्र कुणी बघतच नाही. मग अर्धे "शी" म्हणतात, उरलेले "हे तर आमचं पोट्टंही करील" म्हणतात, आणि चहा पिऊन मंडळी आपापल्या घरी.

या कामाला हिंमत थोडी लागते, हमाली जास्त लागते. हमालीच्या क्रमानं सांगतो.

१. निवड: बातमी झाकून बघा

मनात असलेली दहा-बारा चित्रं काढा. प्रत्येकासमोर त्याची बातमी एका ओळीत लिहा: कितीला विकलं गेलं, कोण चिडलं, कुणाला अटक झाली. आता ती ओळ हातानं झाका. नुसत्या चित्राकडे दोन मिनिटं बघवतं का? बघवत नसेल तर ते चित्र बाजूला ठेवा, कितीही गाजलेलं असो.

या परीक्षेत भलेभले आडवे होतात. ५ ऑक्टोबर २०१८ ला लंडनच्या लिलावात हातोडा पडताच बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराचं चित्र स्वतःच्याच चौकटीतून पट्ट्या पट्ट्या होऊन अर्धं खाली आलं. माझ्या मते तिथं घटना मोठी आहे आणि चित्र लहान. ते स्थिर चित्र म्हणून लावू नका, दाखवायचंच असेल तर त्या क्षणाची चित्रफीत दाखवा. उलट इटलीच्या पिएरो मांझोनीनं १९६१ मध्ये नव्वद छोटे पत्र्याचे डबे सील केले आणि आत कलावंताची विष्ठा आहे, वजन तीस ग्रॅम, असं लेबल लावलं. बातमी झाकली तरी तो डबा डोक्यातून जात नाही. उघडल्याशिवाय आत काय ते कळत नाही, आणि उघडला की कलाकृती गेली. हा पास.

पहिल्या बैठकीला पाच पुरे. सहावं "वेळ उरला तर" म्हणून ठेवू नका. वेळ उरत नसतो, आणि ते सहावं दाखवायच्या घाईत पाचव्याचं वाटोळं होतं. पाचांत निदान एक भारतीय हवं आणि एक आपल्या गावचं.

सावध: पाचही चित्रं एकाच जातीच्या तिखटाची नकोत. पाच नग्नचित्रं लागोपाठ लावणं म्हणजे सावजीचा रस्सा पाच वाट्या पाजणं. तिसऱ्या वाटीला जीभच उरत नाही.

२. प्रत्येक चित्राची चिठ्ठी करा

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. एका चित्राला एक. त्यावर आठ गोष्टी: कलावंत, शीर्षक, साल, कशापासून केलंय, मापं, आज कुठं आहे, आपल्याला प्रतिमा कुठून मिळाली, आणि आपण दाखवतोय ती मूळ वस्तू आहे, प्रतिकृती आहे की फोटो.

ही शेवटची नोंद सगळे गाळतात आणि तिथंच फसतात. फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँचं 'फाउंटन' घ्या. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला त्यानं मुतारीचं चिनी मातीचं भांडं 'आर. मट' अशी सही करून पाठवलं. फी भरणाऱ्या प्रत्येकाची कलाकृती घेऊ म्हणणाऱ्या मंडळींनी तेवढं एक मांडलं नाही. ते मूळ भांडं पुढं हरवलं. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झनं त्या वेळी काढलेला फोटो उरला. आज मोठ्या संग्रहालयांत दिसतात त्या नंतरच्या, द्यूशाँच्या संमतीनं केलेल्या प्रतिकृती, बऱ्याचशा १९६४ च्या. आता तुम्ही चकचकीत रंगीत फोटो लावून "हेच ते १९१७ चं भांडं" म्हणालात आणि समोर चित्रकला महाविद्यालयातलं एखादं पोरगं बसलेलं असलं, की संपलं. पुढच्या चारही चित्रांबद्दल तुमचं कुणी खरं धरणार नाही.

प्रतिमा संग्रहालयाच्या, कलावंताच्या किंवा त्याच्या गॅलरीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली घेऊ नका. ती दहा जणांनी कापलेली असते, कुणी तरी रंग भडक केलेले असतात, आणि हल्ली तर चित्रच यंत्रानं बनवलेलं असू शकतं. प्रतिमेवरून शोध घेऊन तीच प्रतिमा आणखी कुठं कुठं आहे ते पाहा. दोन ठिकाणी कडा वेगळ्या दिसल्या तर एकीकडे नक्की कात्री लागली आहे.

कात्रीचं आणखी एक. चीनच्या आय वेवेनं १९९५ मध्ये हान काळातला, साधारण दोन हजार वर्षांचा कलश हातातून सोडून फोडला. ती कलाकृती म्हणजे तीन कृष्णधवल फोटोंची ओळ आहे: कलश हातात, कलश हवेत, कलश पायाशी फुटलेला. तिन्हींत त्याचा चेहरा तसाच, कोरा. बहुतेक जण मधला एकच फोटो लावतात, कारण तो चमत्कारिक दिसतो. पण एकटा मधला फोटो अपघातासारखा वाटतो. पहिल्या फोटोतले हात पाहिले की मग कळतं, हा माणूस हे ठरवून करतोय. तीन असतील तर तीनच दाखवा, एकाच पडद्यावर, त्याच क्रमानं.

तपासा: चिठ्ठीवरच्या आठांपैकी एकही जागा कोरी असेल तर ते चित्र या महिन्यात नाही.

३. बोलावणं: आशय सांगा, तमाशा सांगू नका

इथं मी स्वतः आपटलोय. दुसऱ्याच वेळी घर लहान पडेल म्हणून एक हॉल घेतला. व्यवस्थापकाला सांगितलं, "मॉडर्न आर्टचा कार्यक्रम आहे." संध्याकाळी तार जोडून बघत होतो तेव्हा पडद्यावर नग्न देहाचं चित्र आलं, आणि व्यवस्थापक नेमके पाण्याचा कॅन घेऊन दारात. पुढच्या दहा मिनिटांत दिवे बंद. चौदा माणसं रस्त्यावर उभी, आणि मी प्रत्येकाला हात जोडतोय. त्यांना दोष देत नाही. मी अर्धवट सांगितलं होतं.

तेव्हापासून निरोप असा जातो:

"शनिवारी साडेसातला चित्रं बघायला या. पाच कलाकृती आहेत. एकात जातीचा छळ उघड दाखवलाय, एकात जुनी मौल्यवान वस्तू फोडलेली आहे. लहान मुलांना या वेळी आणू नका. मधेच उठून गच्चीत गेलात तरी कुणी कारण विचारणार नाही, चहा तिथंच आहे."

यात काय दिसणार ते आहे. कोण चिडलं, किती कोटींना गेलं, हे नाही. एवढाच फरक, पण सगळी बैठक त्यावर उभी राहते. काय दिसणार हे कळलेला माणूस तयारीनं येतो. कोण चिडलं हे कळलेला माणूस बाजू ठरवून येतो.

ज्या दिवशी नग्नचित्र असेल त्या दिवशी निरोपात तसं स्पष्ट लिहा आणि अठराच्या आतलं कुणी येऊ देऊ नका. "आमची मुलगी समजूतदार आहे" असं वहिनी म्हणतील. असेलही. तरी नाही.

आणि चौदाच्या वर माणसं नकोत. वीस जमले की मागचे पाच कुजबुजतात आणि मग ती कुजबुजच मुख्य कार्यक्रम होते.

४. कायद्याचं, हवं तेवढंच

घरात ओळखीच्या मंडळींना समीक्षेसाठी, चर्चेसाठी चित्र दाखवणं आणि तिकीट लावून दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी अभ्यास आणि समीक्षा यांसाठी रास्त वापराची सूट आहे. तिकीट लावलं, फलक छापला, चित्रांची फाईल वाटली, की त्या सुटीच्या बाहेर जायला लागता. आपल्याकडे चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे समकालीन म्हणून दाखवाल ते जवळपास सगळंच हक्काखालचं.

अश्लीलतेचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत २९२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९४ आहे. कला, साहित्य, विद्या यांच्या हितासाठी जे आहे त्याला त्याच कलमात अपवाद आहे. मुलांच्या हाती असलं काही देण्याबद्दलचं कलम २९५ वेगळं. धार्मिक भावनांचं २९९. त्यात हेतू जाणूनबुजून आणि दुष्टपणाचा असावा लागतो. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. परदेशातून आणलेल्या, चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती मुंबई कस्टम्सनं अश्लील म्हणून अडकवल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या सोडायला लावल्या. (पदमसींची गंमत म्हणजे १९५४ मध्येही त्यांच्या चित्रांवर मुंबईत खटला झाला होता आणि ते सुटले होते. सत्तर वर्षांनी तोच माणूस, तोच आरोप.)

पण हे सगळं न्यायालयात कामी येतं. दारावर चारजण आले तर तिथं कलमं वाचून दाखवता येत नाहीत. म्हणून घर, ओळखीची माणसं आणि स्पष्ट निरोप. देवदेवतांच्या चित्रणावरून वाद झालेलं काही पहिल्या वर्षात घेऊच नका, असं मी सांगतो. याला भित्रेपणा म्हणणारे म्हणोत. खोलीत एकमेकांवर विश्वास बसायला दहा-बारा बैठकी लागतात. त्याआधी ते चित्र लावलं तर चित्र कोपऱ्यात राहतं आणि माणसं एकमेकांना ओळखून घेतात.

५. क्रम लावा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. तीच पाच चित्रं वेगळ्या क्रमानं लावली तर वेगळी बैठक होते. पहिल्या वेळी कुणीही हा क्रम उचलावा.

पहिला आपला बडग्या. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत (बाईच्या रूपातले मोठे पुतळे) निघते. तिच्यामागं कामट्या आणि कागदाचे बडगे असतात, पोटावर पाट्या लावलेले: महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल तो. "घेऊन जा गे मारबत" ओरडत लोक मागं चालतात आणि शेवटी सगळं जाळतात. स्वतः काढलेला फोटो वापरा. पाटी वाचता येईल असा, पुतळा डोक्यापासून पायापर्यंत येईल असा, आणि कुणा पोराचा चेहरा मोठा येणार नाही असा. माझ्याकडे एक आहे. त्यात बडग्याचं पोट गव्हाच्या पोत्याचं आहे, डोळे म्हणून प्लॅस्टिकचे दोन कप उलटे चिकटवलेत, आणि एका कपावर चहाचा डाग तसाच. तो डाग दिसला की खोलीत हशा होतो आणि मग कुणी तरी हळूच म्हणतं, "पण भारी केलंय बे." बस. बडग्याला दाद दिलेला माणूस पुढच्या चित्राला "ही कसली कला" म्हणताना एकदा थबकतो.

दुसरं द्यूशाँचं भांडं. बडग्यानंतर लगेच. घरात पडलेल्या वस्तूंनी बनलेला पुतळा आत्ताच पाहिलाय, आता एकच वस्तू, जशीच्या तशी, फक्त पाठीवर आडवी केलेली. आधी भांडं आणि मग बडगा असं केलं तर बडगा "लोककला" होऊन बसतो आणि सगळे त्याच्याशी लाडानं बोलायला लागतात.

तिसरे आय वेवेचे तीन फोटो.

चौथं सगळ्यात जड. नागपुरात जन्मलेले चित्रकार सावी सावरकर यांनी अस्पृश्यता थेट कागदावर आणली. गळ्यात मडकं अडकवलेला माणूस, जाड काळ्या रेषा, मोठे डोळे. या शहरात हे चित्र लावणं आणि दुसरीकडे कुठं लावणं यात फरक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या मैदानावर धम्मदीक्षा घेतली ते आमच्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटांवर. खोलीत काहींच्या आजोबांनी ते मडकं ऐकून-पाहून ठेवलेलं असतं, आणि काहींच्या आजोबांनी दुसऱ्या बाजूनं.

सावध: "तुम्ही सांगा ना, तुम्हाला काय वाटतं?" असं त्या वेळी कुणा एकाकडे वळून विचारू नका. मी एकदा विचारलं. समोरचे मामा शांतपणे म्हणाले, "मी चित्र बघायला आलो जी, साक्ष द्यायला नाही." तेव्हापासून चौथ्या चित्राला मी प्रश्नच विचारत नाही. ज्याला बोलायचं तो बोलतो.

पाचवं केळं. इटलीच्या मौरिझियो कॅटेलाननं २०१९ मध्ये मायामीच्या कलाबाजारात भिंतीला टेपनं केळं चिकटवलं. बातमी झाकायच्या परीक्षेत हे पडद्यावर नापास होतं, म्हणून पडद्यावर दाखवायचं नाही. खरं चिकटवायचं. विकत घेणाऱ्याला मिळतात त्या सूचनांत जमिनीपासूनची उंची दिलेली आहे, १७५ सेंटिमीटर. मोजपट्टीनं मोजा. गोकुळपेठ बाजारातून अर्धा डझन आणा, त्यातलं एक फार पिकलेलं नसलेलं निवडा. जड चौथ्यानंतर माणसं उठतात, भिंतीपाशी जातात, हसतात, वास घेतात. घरी जाताना तोंडं मोकळी झालेली असतात. चौथं चित्र शेवटी ठेवलं होतं तेव्हा लोक गप्प निघून गेले आणि पुढच्या महिन्यात पाचच आले.

टेपबद्दल एक घरगुती सूचना. डिस्टेंपरच्या भिंतीवर ती चंदेरी टेप लावली तर केळ्यासोबत रंगाचा पोपडाही निघतो. आमच्या हॉलमध्ये १७५ सेंटिमीटरवर तसा एक आहे. दारावर किंवा कपाटाच्या सनमायक्यावर लावा.

मरीना अब्रामोविच या कलावंत बाईचा १९७४ चा नेपल्समधला प्रयोग (टेबलावर बहात्तर वस्तू, गुलाबापासून पिस्तुलापर्यंत, आणि सहा तास लोकांनी तिच्यावर काहीही वापरावं) पुष्कळांना पहिल्याच वेळी घ्यावासा वाटतो. थांबा. त्याला एक अख्खी बैठक लागते.

६. खोली, भिंत, कूलर

उन्हाळ्यात इथं सातपर्यंत उजेड हटत नाही, म्हणून साडेसातच्या आधी सुरू करू नका. पडदे कितीही जाड असोत, खिडकीच्या फटीतून उजेडाची एक रेघ बरोबर चित्राच्या मधोमध पडते.

भिंत पांढरी हवी. आपल्याकडे हॉलला पिस्ता नाही तर पीच रंग देतात. पिस्त्यावर माणसाची त्वचा आजारी दिसते. पांढरी चादर ताणून लावा, इस्त्री करून, खालच्या कडेला काठी घालून. दहाच्या आत माणसं असतील तर प्रोजेक्टरचा सोस कशाला, त्रेचाळीस इंची टीव्ही चांगला. फक्त त्याचा भडक रंगांचा मोड बंद करा. दुकानात उठून दिसावा म्हणून तो तसा लावलेला असतो. कलश फोडणाऱ्या कृष्णधवल फोटोंना तो निळसर करून टाकतो.

प्रतिमा काळ्या पार्श्वभूमीवर एकटी ठेवा. नाव, साल काही नको. ते चिठ्ठीवर आहे. कोपऱ्यात नाव लिहिलं की माणसं आधी नाव वाचतात.

मापासाठी सुतळी. हे युट्यूबवर कुणी सांगत नाही. पडद्यावर सगळं एकाच आकाराचं दिसतं. मांझोनीचा डबा पाच सेंटिमीटरसुद्धा उंच नाही, आय वेवेचा एकेक फोटो मुद्रितात जवळपास दीड मीटर उंच. प्रत्येक चित्राच्या मापाची सुतळी कापून गुंडी करून ठेवा आणि चर्चेच्या वेळी दोघांना टोकं धरायला लावा. नुसतं "दीड मीटर" म्हटल्यावर कुणाला काही होत नाही. सुतळी ताणली की "अरे बापरे" येतं.

कूलर बैठकीआधी तासभर चालवा आणि दाखवायच्या वेळी बंद करा. त्याच्या घरघरीत मागच्यांना ऐकू येत नाही, म्हणून सगळे मोठ्यानं बोलतात, आणि मोठ्यानं बोललेलं भांडणासारखं लागतं. एक भांडण मी नुसता कूलर बंद करून मिटवलंय.

तपासा, आदल्या रात्री: पडद्यावरच्या सगळ्या प्रतिमा पूर्ण पडद्यावर एकदा फिरवल्या. लॅपटॉपचे संदेश आणि आवाज बंद. तार स्वतःची आहे. वीज गेली तर काय, हे ठरलंय (मेणबत्ती लावून बडग्याबद्दल गप्पा, आमचं ठरलेलं).

७. दाखवताना: पहिली तीन मिनिटं तोंड बंद

चित्र लावा आणि गप्प बसा. तीन मिनिटं. घड्याळ लावून. पहिल्या मिनिटाला मंडळी चुळबुळ करतात, कुणी तरी विनोद करतो. हसू द्या, उत्तर देऊ नका. दुसऱ्या मिनिटाला शांत होतात. तिसऱ्याला कुणी तरी पुढं वाकतं. ते वाकणं दिसेपर्यंत थांबायचं.

मग चार प्रश्न, याच क्रमानं. "काय दिसतंय?" इथं फक्त दिसणारं. "भांडं आहे, पांढरं आहे, आडवं आहे." मत आलं की परत वळवा: "ते नंतर, अजून काय दिसतंय?" दुसरा, "कशापासून, कसं केलं असेल?" तिसरा, "हे कुणाला झोंबेल?" चित्र वाईट आहे का असं विचारलं की माणूस निकाल देतो. कुणाला झोंबेल म्हटलं की तो दुसऱ्याच्या जागी जाऊन बघतो. आमच्या शेजारच्या काकू कलशाच्या फोटोंवर म्हणाल्या, "ज्याच्या घरी हा कलश पिढ्यान् पिढ्या पुसला असेल त्याला." मी एवढी चिनी नावं पाठ केली होती, मला हे सुचलं नव्हतं.

चौथ्या प्रश्नाआधी चिठ्ठी वाचा. आत्ता, इतक्या उशिरा. नाव, साल, माप, आणि मग तमाशा: नाकारलं, हरवलं, कितीला गेलं. केळं नोव्हेंबर २०२४ मध्ये बासष्ट लाख डॉलरांना गेलं आणि घेणाऱ्यानं ते खाल्लं, हेही इथंच. मग चौथा प्रश्न, "हे कळल्यावर काही बदललं का?" खरी बैठक या प्रश्नावर होते. कारण आता प्रत्येकाकडे स्वतःचं आधीचं बघणं शिल्लक असतं आणि त्याला तो बातमीशी ताडून बघू शकतो.

नेहमीची चूक: दुसऱ्या प्रश्नाला कुणी "हे ते केळंवाले ना?" म्हणून बातमी फोडतं. त्याला गप्प करू नका. "हो, तेच, पैशाचं शेवटी बोलू," म्हणून पुढं चला. गप्प केलं की तो उरलेली संध्याकाळ तुमच्या चुका मोजतो.

एका चित्राला पंधरा मिनिटं. चौथ्याला वीस.

८. आवाज चढला तर

चढू द्या थोडा. माणसं चित्राकडे बोट करून भांडत असतील तोवर ठीक आहे. ती एकमेकांकडे बोट करायला लागली की दिवे लावा. काही बोलू नका, नुसते दिवे लावा आणि पाण्याचा तांब्या फिरवा. अंधारात माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही म्हणून तो जास्त बोलून जातो.

कुणी उठून गेलं तर मागं जाऊ नका, निरोपात तसं कबूल केलंय. दहा मिनिटांनी कुणी तरी, तुम्ही सोडून, चहा घेऊन गच्चीत जावं. हे आधीच एकाला सांगून ठेवा. आणि तुम्ही स्वतः चित्राचे वकील होऊ नका. "मला कळलं नाही" असं कुणी म्हटलं की हात शिवशिवतात समजावून सांगायला. त्यांना विचारा, कुठपर्यंत कळलं. बहुतेक वेळा पुष्कळ कळलेलं असतं.

९. मंडळी गेल्यावर

"फोटो ग्रुपवर टाका ना" असं निघताना चप्पल घालता घालता कुणी तरी म्हणेलच. टाकायचे नाहीत. हक्काचा मुद्दा आहेच, पण ज्यानं ती तीन मिनिटं पाहिली नाहीत त्याच्या हातात ते चित्र बातमी होऊनच पडतं, दुपारी दोनला, दोन फॉरवर्डच्या मध्ये. ज्याला हवं त्याला संग्रहालयाचं नाव आणि शीर्षक लिहून द्या, तो शोधील.

खुर्च्या उचलायच्या आधी एक काम उरकून घ्या. पाच चिठ्ठ्या उलटा आणि प्रत्येकीच्या मागं त्या चित्राला खोलीतून आलेलं पहिलं वाक्य लिहा, जसंच्या तसं. उद्या लिहू म्हटलं तर ते सुधारून लिहिलं जातं. माझ्याकडच्या द्यूशाँच्या चिठ्ठीमागं तीन बैठकांची तीन वाक्यं आहेत. "हे धुतलं होतं का?" हे त्यातलं पहिलं. पुढच्या वेळी तेच चित्र दुसऱ्या मंडळींना दाखवताना चिठ्ठी हातात उलटी धरायची, म्हणजे आपलं तोंड आपोआप बंद राहतं.

आणि केळं रात्रीच काढून घ्या. सकाळपर्यंत मुंग्या लागतात.